हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये ठेवताना: थंडीला नाही, पाण्याला भ्या

मिशिगनच्या आग्नेय कोपऱ्यात, डेट्रॉइटच्या आसपासच्या ट्रॉय, नोव्हाय, कॅन्टन अशा गावांत, नोव्हेंबर लागला की एक प्रश्न हमखास निघतो. कुणाकडे फक्त उन्हाळ्यात फिरवायची कन्व्हर्टिबल असते, कुणी हौसेने जुनी मस्टँग घेतलेली असते, कुणी डिसेंबर ते मार्च भारतात जाणार असतं. चार-पाच महिने गाडी घरच्या गॅरेजमध्ये नुसती उभी राहणार, तर तिचं काय करायचं?

सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो टाकी रिकामी करा, दुसरा म्हणतो गच्च भरा. बॅटरी काढून लाकडी फळीवर ठेवा असं कुणी बजावतं. आणि दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, हा सल्ला तर सगळेच देतात. यातलं काय ऐकायचं हे ठरवायचं, तर उभ्या गाडीचं नुकसान नेमकं कशाने होतं ते आधी समजून घ्यायला हवं.

थंडीने होत असेल असं वाटतं, कारण बाहेर उणे पंधरा असताना आपलाच जीव नकोसा होतो. पण एकसारखी, कोरडी थंडी गाडीला चांगली मानवते. गंजणं, रबर जुनं होऊन कडक होणं, पेट्रोल शिळं होणं, बॅटरी आपोआप उतरणं या सगळ्या रासायनिक क्रिया आहेत आणि थंडीत त्या मंदावतात. घात करतं ते पाणी: इंजिनाच्या आत साचलेलं, ब्रेक ऑइलमध्ये मुरलेलं, मिठाने धरून ठेवलेलं, पत्र्यावर दव होऊन बसलेलं. कुठलाही सल्ला ऐकताना ‘याने गाडीतलं पाणी कमी होणार की वाढणार’ एवढं विचारलं, तरी निम्म्या सल्ल्यांचा निकाल तिथल्या तिथे लागतो. बॅटरी आणि उंदीर हे मात्र स्वतंत्र विषय आहेत.

मीठ आणि शेजारची गाडी

डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला इथे मीठ टनावारी ओततात. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू साध्या पाण्यापेक्षा बराच खाली असतो. साध्या मिठाचं संपृक्त द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. पण उणे दहाच्या खाली मिठाचं काम फार संथ होतं, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. गाडीसाठी ही दोन्ही जास्त वाईट. हवेतली आर्द्रता पस्तीस-चाळीस टक्के असली तरी ही दोन्ही तिच्यातून पाणी ओढून घेतात. म्हणजे चासीच्या, गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, खाचेत अडकलेला त्यांचा थर गॅरेजच्या छपराखालीही ओलाच राहतो. त्यात खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे तिला आयता वेग मिळतो.

म्हणून गाडी आत घालायची ती रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आधी. एकदा जरी खाऱ्या रस्त्यावरून फिरली असेल तर खालून धुवायला हवी. वरचा रंग चकचकीत करून भागत नाही. चाकांच्या कमानींच्या आतली कड, दारांखालच्या पट्टीचा सांधा, मागच्या ॲक्सलभोवतीचे कोपरे, इथे पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती पाला-मातीने बुजली असतील तर मोकळी करायची. सनरूफ किंवा कापडी छताच्या कडेच्या नळ्यांचंही तेच. धुऊन झाल्यावर लगेच गॅरेजमध्ये न घालता अर्धा तास हायवेवर फिरवून आणायची, म्हणजे ब्रेकमधलं आणि खाचांमधलं पाणी उडून जातं. वेळ असेल तर वरून मेणाचं पॉलिश लावावं. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक तेवढा राहू देऊ नये, चार महिन्यांत तो रंगात डाग पाडतो.

एवढं करूनही एक चूक सर्रास होते. इथल्या घरांना बहुतेक दोन गाड्यांचं गॅरेज असतं. एका बाजूला धुऊनपुसून ठेवलेली हौसेची गाडी, आणि तिला खेटून रोज संध्याकाळी ऑफिसहून येणारी दुसरी. ही दुसरी गाडी चाकांच्या कमानींत किलोंनी खारा बर्फ घेऊन येते. रात्री तो वितळतो, पाणी फरशीवर पसरतं, थोडं हवेत जातं, आणि गॅरेजची हवा महिनोन्‌महिने दमट राहते. गाडी आत घेण्याआधी कमानींतला बर्फ पायाने ठोकून बाहेरच पाडायचा, तिच्याखाली कडा उचललेली रबरी चटई टाकायची, आणि साचलेलं पाणी रबरी वायपरने दाराबाहेर लोटायचं. मला विचाराल तर मेण-पॉलिशच्या खर्चापेक्षा ही चटई जास्त कामाची.

गॅरेज गरम करावं का? चोवीस तास एकसारखं गरम आणि कोरडं ठेवता येत असेल तर उत्तम. पण शनिवारी सुतारकाम करायचं म्हणून हीटर लावायचा आणि रविवारी बंद करायचा, हा प्रकार सगळ्यात वाईट. बर्फ वितळून हवेत वाफ वाढते, आणि हीटर बंद झाल्यावर तीच वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन बसते. त्यापेक्षा न तापवलेलं गॅरेज बरं. आर्द्रता मोजायचं लहान यंत्र स्वस्तात मिळतं, ते भिंतीला अडकवून ठेवावं. आकडा पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर चिंता नाही. साठच्या वर गेला की लोखंड झपाट्याने गंजू लागतं. ओलावा खेचणारं यंत्र घ्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा: तळघरात चालतं ते कॉम्प्रेसरवालं यंत्र थंड गॅरेजमध्ये निरुपयोगी ठरतं, कारण त्याच्या नळ्यांवरच बर्फ धरतो. थंडीत चालतं ते ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचं चाक असलेलं यंत्र.

फरशी, आवरण आणि मार्चमधला घाम

काँक्रीटची फरशी दिसते कोरडी, पण जमिनीतला ओलावा तिच्यातून हळूहळू वर येत असतो. तपासायचं असेल तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खालून पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली असेल तर गाडीखाली जाड पॉलिथिन अंथरायचं आणि त्यावर गाडी घ्यायची.

गाडीवर मात्र प्लॅस्टिक नको. निळी ताडपत्री घालून कडा घट्ट बांधल्या की आतला ओलावा आतच कोंडतो. ज्यातून हवा खेळते असं कापडी आवरण घालावं, आणि तेही गाडी स्वच्छ असेल तरच. धुळीच्या गाडीवर कापड घातलं की काढता-घालताना रंगावर ओरखडे येतात. गॅरेज बंदिस्त असेल आणि मुलं तिथून सायकली काढत नसतील तर आवरण नाही घातलं तरी बिघडत नाही. कन्व्हर्टिबलचं छत वर लावून ठेवायचं. घडी घालून ठेवलं तर कापडाला कायमच्या चुण्या पडतात, आणि ओलं असेल तर बुरशी धरते.

आता मार्चबद्दल. हिवाळाभर सांभाळलेल्या गाडीला सर्वांत जास्त पाणी लागतं ते वसंताच्या पहिल्या उबदार दिवशी. दक्षिणेकडून दमट वारं येतं, पारा अचानक अठरावर जातो, आणि आपण खुशीत गॅरेजचं दार सताड उघडतो. आत गाडीचं लोखंड अजून दोन-तीन अंशांवर असतं. बाहेरच्या थंडीतून घरात शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते तसंच इथे होतं, फक्त चष्म्याच्या जागी इंजिनाचा ब्लॉक, ब्रेकच्या चकत्या आणि चासीच्या आतला, आपल्याला न दिसणारा पत्रा असतो. चष्मा पुसता येतो. चासीच्या आत हात जात नाही. म्हणून त्या दिवशी गॅरेजचं दार बंद ठेवायचं, आणि दोन-चार दिवसांनी कोरडी हवा असेल तेव्हा उघडायचं.

दर रविवारी दहा मिनिटं

हा सल्ला कुठून आला ते समजतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या फार दिवस बंद राहिल्या की रुसायच्या, आणि इंजिन सुरू झालेलं ऐकलं की मालकाला बरं वाटायचं. पण हिशेब करून बघू.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, म्हणून जाणवत नाही. थंड इंजिन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं तर पाव लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं, म्हणजे तेवढंच पाणी. सायलेन्सर अजून गार असल्यामुळे त्यातली बरीच वाफ आतच थिजते आणि त्याला आतून गंजवते. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल शंभर अंशांच्या आसपास पोचून वीस-तीस मिनिटं तसंच राहिलं तर हे पाणी उडून जातं, पण उभ्या गाडीत, कडाक्याच्या थंडीत, दहा मिनिटांत ते तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणजे दर रविवारी आपण इंजिनाला थोडं थोडं पाणी पाजतो. सुरू करताना स्टार्टरने बॅटरीतून जेवढी वीज खाल्ली, तेवढी त्या दहा मिनिटांत भरून निघेलच असंही नाही.

म्हणून गाडी एक तर नीट चालवायची, निदान अर्धा तास, रस्त्यावर. नाही तर अजिबात हात लावायचा नाही. मधला मार्ग सगळ्यात तोट्याचा.

आणि जिवाचा प्रश्न आहेच. इथली गॅरेजं घराला जोडलेली असतात. चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, वासहीन असतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. गॅरेजचं दार उघडं असलं तरी तो घरात शिरू शकतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या बंद करायच्या विसरून अमेरिकेत माणसं दगावली आहेत. गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावलेला हवा. यात सवलत नाही.

ऑइल बदलायचं ते गाडी ठेवण्याआधी, वसंतात नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं, पाणी आणि थोडं पेट्रोल मिसळलेलं असतं. त्यात इंजिनाच्या बेअरिंगांना चार महिने बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. ऑइल आणि फिल्टर बदला, गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, म्हणजे नवीन ऑइल सगळीकडे पोचेल, आणि मग उभी करा. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल फवारायचा विधी काही जण सांगतात. तो वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या इंजिनांसाठी आणि बोटींसाठी आहे, एका हिवाळ्यासाठी त्याची गरज नाही.

इंजिनाचा थंडी खरोखर घात करते ती एका ठिकाणी: कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल हे रसायन आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. म्हणून काही जण ‘जास्त सुरक्षित’ म्हणून नुसतं शुद्ध ग्लायकॉल ओततात, आणि तिथेच फसतात, कारण शुद्ध ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं. पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांना गोठू देत नाहीत, दोघंही हवेतच. उन्हाळ्यात कुणी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी टाकून वेळ मारून नेली असेल तर आता तपासून घ्या; तपासायची काचेची नळी स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळते. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही हिवाळ्याचं, न गोठणारं भरायचं. कूलंट जमिनीवर सांडलं तर लगेच पुसा, ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

पेट्रोलची टाकी

टाकी भरायची, पंपाची पहिली ‘टक’ होईपर्यंत. पेट्रोल शिळं होऊ न देणाऱ्या औषधाची, स्टॅबिलायझरची, बाटली मिळते, ती सांगितलेल्या मापाने आधी ओतायची, मग पेट्रोल भरायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवायची, नाही तर औषध टाकीतच राहतं आणि इंजेक्टरपर्यंत जुनं पेट्रोलच असतं.

भरायची का, याचं जे कारण सर्रास सांगतात ते मला नीटसं पटत नाही. म्हणतात, रिकाम्या टाकीत हवेतलं पाणी थिजून पेट्रोलमध्ये मिसळतं. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं, आणि पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळं बसतं. हे खरं आहे. पण पन्नास लिटर पेट्रोलमध्ये अर्धा टक्का म्हणजे पाव लिटर पाणी. वीस अंशांवरच्या पूर्ण दमट हवेतसुद्धा दर पन्नास लिटरमागे एक ग्रॅमही पाणी नसतं. आजच्या गाड्यांची टाकी जवळजवळ बंदिस्त असते, ती मोकळेपणाने श्वास घेत बसत नाही, त्यामुळे पाव लिटर पाणी येणार कुठून? जुन्या, उघड्या श्वासनळीच्या लोखंडी टाकीत मात्र ही भीती रास्त आहे. तिथे टाकी आतून गंजतेही.

नव्या गाडीत टाकी भरायचं खरं कारण साधं आहे. टाकीत हवा कमी असली की पेट्रोलचे उडून जाणारे हलके घटक कमी उडतात आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार होणारा चिकट राळेसारखा साका कमी धरतो. बंद टाकीत, थंडीत, चार महिने पेट्रोल सहज टिकतं. कार्ब्युरेटरची जुनी मस्टँग असेल तर स्टॅबिलायझर घालाच, आणि जवळच्या पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर शेवटची टाकी त्याने भरा.

बॅटरी

गाडी बंद असली तरी तिच्यातले संगणक, गजर, घड्याळ झोपत नाहीत. आजच्या गाडीत हा झिरपा वीस ते पन्नास मिलिअँपिअर असतो. पन्नास धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. साठ अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास दिवसांत ठार. किल्ली खिशात ठेवून दार उघडणारी गाडी असेल आणि ती किल्ली गॅरेजला लागून असलेल्या स्वयंपाकघरात टांगलेली असेल, तर गाडीला मालक जवळच असल्यासारखं वाटत राहतं आणि ती आणखी वीज खाते. किल्ली वरच्या मजल्यावर ठेवा.

बॅटरी उतरली तर वसंतात चार्ज करू, असं म्हणून चालत नाही, त्याला दोन कारणं आहेत. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तिची ताकद कायमची घटते. दुसरं, भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ते जवळजवळ पाणीच झालेलं असतं आणि उणे सात-आठलाच गोठून डबा फोडू शकतं. मिशिगनच्या जानेवारीत रात्री एवढी थंडी अगदी नेहमीची.

मार्ग दोन आहेत. घरी असाल तर स्मार्ट चार्जर लावून ठेवा, जो बॅटरी भरली की आपण होऊन हात आखडता घेतो. जुना साधा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवला तर बॅटरी उकळून मरते. चार महिने भारतात जाणार असाल तर माझं मत वेगळं आहे: बॅटरी पूर्ण भरा, तारा काढा आणि निर्धास्त जा. गॅरेजमधली प्लगची जागा मध्येच ट्रिप झाली तर तुम्ही पुण्यात बसून काय करणार? सुटी, भरलेली बॅटरी साध्या तापमानाला महिन्याला तीन ते पाच टक्के उतरते, थंडीत त्याहून कमी. एप्रिलमध्ये ती निवांत गाडी सुरू करते. ठेवताना व्होल्टमीटरने बघा: स्थिर असताना १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ संपलेली.

तार काढताना आधी वजा टोक, मग अधिक. वजा टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. ते जोडलेलं असताना अधिक टोक खोलायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला तर ठिणग्यांचा फटाका होतो. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं कुलूप विजेवरचं असेल, तर तार काढून डिकी लावण्याआधी विचार करा. आणि लाकडी फळीची गोष्ट आता जुनी झाली. पूर्वी बॅटरीचे डबे लाकडी किंवा कडक रबराचे असत, तेव्हा ओल्या काँक्रीटवर वीज झिरपे. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

विजेवर चालणाऱ्या गाडीची मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी, शंभर टक्के नाही आणि तळाला गेलेलीही नाही. शक्यतो प्लगला लावून, चार्जिंगची मर्यादा खाली आणून ठेवायची, आणि पहारा देणारे कॅमेरे बंद. बाकी त्या गाडीचं मॅन्युअल म्हणेल तसं, कारण कंपनीगणिक सूचना बदलतात.

टायर आणि ब्रेक

हँडब्रेक लावून ठेवायचा नाही, कारण ओलाव्याने ब्रेकचे पॅड चकतीला किंवा ड्रमला गंजून चिकटतात आणि एप्रिलमध्ये चाक फिरतच नाही. सपाट फरशीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. काही गाड्यांचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक इंजिन बंद केलं की आपोआप लागतो. तो कसा सोडायचा हे मॅन्युअलमध्ये असतं. ब्रेक ऑइल हवेतून पाणी शोषतं, दोन वर्षं झाली असतील तर आत्ताच बदलून घ्या.

तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) घटते. सप्टेंबरच्या उन्हात भरलेली ३२ पीएसआय जानेवारीच्या उणे पंधरात २६ वर येते. म्हणून ठेवताना नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. एका जागी उभं राहून टायरला सपाट चपटा भाग पडतो हे खरं, पण आजच्या रेडियल टायरमध्ये तो वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर बहुधा जातो. त्यासाठी गाडी स्टँडवर चढवून चाकं लोंबकळत ठेवणं म्हणजे टायर वाचवून सस्पेन्शनची रबरं ताणणं. खास उन्हाळी स्पोर्ट टायर असतील तर मात्र उणे सातच्या खाली गाडी जागची हलवूसुद्धा नका, त्या रबराला थंडीत चिरा जातात.

उंदीर

एवढं सगळं नीट करणारे लोकही उंदरांसमोर हरतात. पाव इंचाच्या फटीतून उंदराचं पिल्लू आत येतं. बंद गाडीत त्याला वारा नसलेली जागा, बॉनेटखालचा मऊ कापूस आणि कागदी एअर फिल्टर आयते मिळतात. मग तारांची बारी येते. वायरिंगचा एक गठ्ठा बदलायचा खर्च हजारो डॉलरांत जाऊ शकतो. होंडा कंपनी यासाठी मिरचीतलं कॅप्सेसिन घातलेली चिकटपट्टी विकते, तारांभोवती गुंडाळायला. तिखटाचा हा उपयोग कोल्हापुरातही कुणाला सुचला नसेल.

गाडीतला खाऊचा शेवटचा कणही व्हॅक्यूमने काढा; मुलांच्या सीटखालचा चिवडा, शेंगदाणे, लाडवाचा भुगा. पक्ष्यांना घालायच्या दाण्यांची पोती गॅरेजमध्ये ठेवू नका, किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत जायच्या नळीत तारेच्या घासणीचा गोळा घाला आणि तसं लिहिलेली चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, नाही तर वसंतात तो गोळा इंजिनात जाईल. सापळे गाडीबाहेर, भिंतीच्या कडेने लावा. विष नको, कारण विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो आणि मग वास काढायला अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागतो. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जाईलच असं नाही, पण तो वास मात्र सीटमध्ये वर्षभर राहतो.

एप्रिलमध्ये घरटं सापडलं तर झाडू किंवा व्हॅक्यूम चालवू नका. उत्तर अमेरिकेतल्या डिअर माऊस जातीच्या उंदरांच्या मुताविष्ठेतून हंटाव्हायरस पसरतो, आणि तो धुळीबरोबर श्वासात जातो. हातमोजे घाला, घरट्यावर ब्लीचचं पाणी फवारा (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी), पाच मिनिटं थांबा, मग ओल्या कागदाने उचला.

विमा, आणि पुण्यातली गाडी

रस्त्यावर येणार नाही म्हणून विमा पूर्ण रद्द करू नका. चोरी, आग, उंदीर, गॅरेजवर पडणारं झाड, यांच्यासाठीचा भाग चालू ठेवून बाकीचा तात्पुरता काढता येतो का ते एजंटला विचारा. कर्जावरची गाडी असेल तर बँक बहुधा पूर्ण विमाच मागते. जर्मनीत यावर नामी सोय आहे: १९९७ पासून तिथे हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला सुरुवातीचा आणि शेवटचा महिना छापलेला असतो, कर तेवढ्याच महिन्यांचा, आणि बाकीच्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही.

मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे येतात तेव्हा त्यांची पुण्याची गाडी पार्किंगमध्ये उभी राहते, आणि तिथे पावसाळा असतो. गोठण्याची भीती नाही, पण उष्णतेत सगळ्या क्रिया वेगाने होतात: बॅटरी लवकर उतरते, आत बुरशी धरते, आणि आता तिथल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. बॅटरीची तार काढा, हँडब्रेक सोडा, हवा खेळेल असं आवरण घाला. त्याहून चांगलं म्हणजे विश्वासाचा माणूस दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी हायवेवर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणेल असं बघा. सोसायटीच्या वॉचमनला ‘रोज जरा चालू करत जा’ असं मात्र सांगू नका, कारण वर सांगितलंच.

बाहेर काढताना

आधी चिठ्ठी वाचा आणि घासणीचे गोळे काढा. बॉनेट उघडून घरटं, कुरतडलेल्या तारा, एअर फिल्टर बघा. गाडीखाली डाग पडलेत का ते पाहा. हिरवट किंवा नारिंगी चिकट पाणी म्हणजे कूलंट. टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. बॅटरी जोडताना आता आधी अधिक टोक, मग वजा. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत रेस करू नका, आणि लगेच गाडी बाहेर काढा. खिडकीच्या काचा आपोआप वर जात नसतील तर बिघाड नाही, बॅटरी काढल्यामुळे त्या आपली जागा विसरल्यात. बटण वर ओढून काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत काम होतं.

पहिले चार-पाच ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात मारा. चकत्यांवरचा लालसर गंज करकरतो आणि निघून जातो. त्यानंतरही करकर चालूच राहिली किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली तर मेकॅनिककडे न्या. आणि कितीही मोह झाला तरी बर्फ वितळला त्याच आठवड्यात गाडी काढू नका. रस्त्याच्या कडेला मीठ अजून पांढऱ्या पट्ट्यात दिसत असतं. दोन-तीन चांगले पाऊस पडून ते वाहून गेलं की मग निघा.